एमजीबी की टीआर४: ब्रँड्स हॅचच्या घड्याळावर

साठच्या दशकातली ब्रिटिश स्पोर्ट्सकार घेऊन इंग्लंडात क्लबच्या शर्यतींत उतरायचं ठरलं, की बहुतेकांचं घोडं दोन नावांपाशी अडतं: एमजीबी आणि ट्रायम्फ टीआर४. लोटस एलान दोघींच्याही पुढे, यात वाद नाही, पण ती परवडणाऱ्याने हा लेख वाचायची गरज नाही. एमजी मिजेट वळणांत चपळ, सरळ रस्त्यावर मात्र लोक शेजारून निघून जातात.

मी एमजीबी घेतली. त्याआधी एका मित्राची टीआर४ इंग्लंडातल्या ब्रँड्स हॅच या शर्यतीच्या मैदानातल्या छोट्या इंडी ट्रॅकवर भरपूर पळवली होती. त्यामुळे पुढचं सगळं त्या जेमतेम दोन किलोमीटरच्या ट्रॅकपुरतं धरा.

नुसत्या ओढीत टीआर४ सरस. तिचं २१३८ सीसीचं इंजिन फर्ग्युसनच्या जुन्या ट्रॅक्टरला होतं त्याच घराण्यातलं, आणि कमी आरपीएमला जोर कसा लावायचा हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. कूपर स्ट्रेट या सरळ पट्ट्यावर ती हमखास पुढे सरकते. लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, काढून बदलता येत असल्याने इंजिन बांधणंही सोपं. गिअरही चारही सिंक्रोचे, म्हणजे न खरखरता सहज पडणारे. सुरुवातीच्या एमजीबीत पहिल्याला सिंक्रो नाही, पण शर्यत सुटल्यावर पहिला लागतोच कुठे?

मग ड्रुइड्सचं वळण येतं. उजवीकडे जवळजवळ मागे फिरणारं. टीआर४ची चॅसिस मागच्या अॅक्सलच्या खालून जाते, त्यामुळे अॅक्सलला खाली उतरायला जागाच कमी. गाडी डावीकडे कलली की आतलं चाक उचललं जातं, आणि अॅक्सिलरेटर दाबावा तर सगळी ताकद त्या अधांतरी चाकात. इंजिन ओरडतं, रबराचा वास येतो, गाडी जागची हलत नाही. एखाद्या लॅपला चालून गेलं असतं. हे दर लॅपला, त्याच ठिकाणी. सरळ रस्त्यावर कमावलेलं सगळं मी तिथे परत करत होतो. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (सगळी ताकद मोकळ्या चाकात वाया जाऊ न देणारी यंत्रणा) बसवलं की त्रास बराच कमी होतो म्हणतात, पण तो खर्च गाडीच्या किमतीत धरूनच तुलना करा.

एमजीबीलाही मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि सलग अॅक्सलच, पण चाक जमीन सोडायला इतकं उतावीळ नसतं. तक्रारी तिच्याही आहेत. नाक जड, वळणात शिरताना बाहेर ओढते, आणि जुन्या पद्धतीचे लिव्हरवाले शॉकअप तापले की मऊ पडतात. तरी लॅपमागून लॅप टायमिंग जवळपास तेच येतं, आणि माझ्यासारख्या मध्यम ड्रायव्हरला तेच हवं असतं. चिवटही तितकीच: १९६३च्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एक एमजीबी वाळूत रुतली, तासाहून जास्त वेळ उपसण्यात गेला, तरी एकूणात बारावी आणि आपल्या वर्गात पहिली आली.

गुडवुडसारख्या लांब, वेगवान वळणांच्या ट्रॅकवर जास्त जाणार असाल तर टीआर४चा विचार जरूर करा. तिथे तो दोष कदाचित जाणवणारही नाही. घट्ट वळणांचे ट्रॅक जवळ असतील तर माझं मत एमजीबीला. त्यातही १९६५ची मिळाली तर उत्तम: क्रँकशाफ्टला पाच बेअरिंगांचा आधार असलेलं, जास्त मजबूत इंजिन १९६४च्या अखेरीस आलं, आणि १९६६पूर्वीच्या गाड्यांच्या शर्यतींतही ती बसते. पैसे देण्यापूर्वी दारांखालच्या सिलवर (पत्र्याच्या पट्टीवर) लोहचुंबक फिरवून बघा; गंज पुटीने झाकला असेल तर तिथे तो चिकटणार नाही.