तपासणी फुकट, गोळी फुकट. तरी माणूस उशिराच पोचतो : मराठवाड्यातल्या आयसीटीसी आणि एआरटी सेवेचं परीक्षण

एचआयव्हीची सरकारी सेवा दोन खिडक्यांवर चालते. आयसीटीसीत समुपदेशन आणि रक्ताची तपासणी होते, एआरटी केंद्रात एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, इथं दोन्ही खिडक्या आहेत. आयसीटीसी ग्रामीण रुग्णालयांतही आहे. पाचपैकी गुण द्यायचे तर तपासणीला साडेचार आणि गोळ्यांना पाच. दोन खिडक्यांमधल्या रस्त्याला मात्र दोनच.

तपासणीवर भरवसा ठेवा. पहिल्या किटवर निगेटिव्ह आलं की रिपोर्ट निगेटिव्ह. पॉझिटिव्ह आलं तर तेच रक्त आणखी दोन वेगळ्या किटवर लावतात आणि तिन्ही जुळल्यावरच रिपोर्ट देतात. त्यामुळे खासगी लॅबचा एका किटचा कागद हातात असेल तर तो इथं पक्का करून घ्या. धोक्याच्या संबंधाला तीन महिने झाले नसतील तर निगेटिव्ह रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका, परत तपासा.

मग माणसं उशिरा का येतात? पहिलं कारण बिमारीतच आहे. लागण झाल्यावर आठ-दहा वर्षं काहीच दुखत नाही, आणि दुखत नसताना मजुरी बुडवून दवाखान्यात कोण जाईल? दुखायला लागल्यावर माणूस गावातल्या डॉक्टरकडं जातो. सलाईन लागतं, ‘अशक्तपणा आहे’ असं ऐकायला मिळतं, आणि त्यात महिने जातात. आमची खरी तक्रार इथं आहे. तरण्या माणसाला नागीण, तोंडात पांढरा थर, महिन्याहून लांबलेले जुलाब, उतरत चाललेलं वजन किंवा टीबी, यातलं काहीही दिसलं तर एचआयव्हीची तपासणी त्याच दिवशी लिहून द्यायला हवी. पन्नाशीपुढच्या माणसाला तर कोणी विचारतही नाही.

बायकांचं गरोदरपणात कळतं, कारण तेव्हा तपासणी नेमानं होते. नवऱ्यालाही बोलावतात, पण तो येत नाही. तो पुढं टीबीच्या वॉर्डात सापडतो आणि तेव्हा प्रतिकारशक्तीच्या सीडी-फोर पेशी 200 च्या खाली गेलेल्या असतात.

दुसरी गळती दोन खिडक्यांच्या मधे होते. रिपोर्ट तालुक्याला मिळतो आणि गोळीसाठी जिल्ह्याला जावं लागतं. पहिल्या दिवशी नोंदणी, समुपदेशन, सीडी-फोर, रक्ताच्या इतर तपासण्या, टीबीची चौकशी असं सगळं असतं, म्हणजे मजुरी गेलीच. शिवाय त्या खोलीसमोर गावचं कोणी भेटेल ही धास्ती. एसटीत सवलत आहे, पण गावच्या गाडीत ते ओळखपत्र बाहेर काढायला जीव धजत नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं संमतीशिवाय तपासणी करायला आणि माहिती फोडायला बंदी आहे. रांगेतल्या नजरांवर कायदा चालत नाही. लांबच्या केंद्रात नाव घातलं तरी चालतं आणि बरेच जण तसंच करतात.

बीडच्या ऊसतोड टोळ्यांचा प्रश्न आणखी अवघड आहे. मुकादमाची उचल अंगावर असते आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. सुरुवातीला गोळ्या महिन्याच्याच मिळतात. औषध लागू पडून तब्येत स्थिरावल्यावर तीन महिन्यांच्या देतात. म्हणून दसऱ्याआधीच केंद्रात सांगा, ‘कारखान्यावर जायचंय.’ तिथल्या जवळच्या केंद्राची चिठ्ठी मिळते. हिरवं पुस्तक सोबत ठेवा, औषधाची सगळी नोंद त्यात असते.

गोळीबद्दल. बहुतेकांना रोज एकच पडते : टेनोफोव्हिर 300, लॅमिव्ह्युडिन 300 आणि डोल्युटेग्राव्हिर 50 मिलिग्रॅम. आम्लपित्ताचं अँटासिड चालू असेल तर ही गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या, नाहीतर ती अंगी लागत नाही. टीबीही असेल तर आधी टीबीचं औषध आणि साधारण दोन आठवड्यांत ही गोळी. टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन चालू असताना डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा लागतं, ते डॉक्टरांना आठवणीनं विचारा.

उशिरा आलेल्यांनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी समजून घ्यावी, कारण इथं फार माणसं हातची जातात. पेशी फार कमी असताना गोळी सुरू केली की शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि आत लपलेला टीबी उसळतो. पहिल्या काही आठवड्यांतच ताप चढतो, गाठी सुजतात. घरचे म्हणतात, ‘गोळीनंच बिघडलं,’ आणि गोळी बंद होते. कोणी जडीबुटीवाल्याकडं नेतं. अशा वेळी गोळी आपल्या मनानं थांबवू नका, त्याच दिवशी केंद्र गाठा. जाणं जमत नसेल तर 1097 वर विचारा, फोनला पैसे पडत नाहीत.