वर्गात खेळ घ्यायचा, पण कोणता?

वर्गात खेळ घ्यायचं ठरलं की निवड बहुधा तिघांत असते: मोकळा खेळ, शिक्षकाने बेतलेला खेळ आणि गुणांची प्रश्नमंजूषा. निवडताना मी एकच बघते. धड्यातलं काही न कळताही हा खेळ जिंकता येतो का? येत असेल तर मुलं रमतील, पण शिकतीलच असं नाही.

बेतलेल्या खेळाकडे माझा कल आहे, तो गीता रामानी आणि रॉबर्ट सीग्लर यांच्या २००८ सालच्या प्रयोगामुळे. बालवाडीच्या वयाच्या मुलांना दोन आठवड्यांत चार वेळा, साधारण १५-१५ मिनिटं, सरळ रेषेत १० घरं असलेला पट खेळायला दिला. काहींच्या घरांत आकडे होते, काहींच्या घरांत नुसते रंग. बाकी खेळ तोच. आकड्यांच्या पटावर खेळलेल्यांची संख्यांची समज वाढली, रंगांच्या पटावरच्यांची नाही. पुढे आणखी एक बारकावा कळला. चारवरून दोन घरं पुढे जाताना ‘एक, दोन’ नव्हे, तर ‘पाच, सहा’ म्हणायला हवं. एवढ्याशा नियमाने फरक पडतो! अर्थात पट आखायला आदली संध्याकाळ जाते, आणि पंधरा पटांवर एकाच वेळी लक्ष ठेवणं अवघडच.

मोकळ्या खेळाला तयारी जवळपास लागत नाही. लोहचुंबक, भिंग, ठोकळे असं नवं साहित्य हाती द्यायचं असेल, तर आधी तोच. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं, की एखाद्या खेळण्यातली एक करामत शिकवून दिली की मुलं तिथेच घोटाळतात. न शिकवलेली मुलं बाकीच्या करामतीही शोधून काढतात. मात्र अपूर्णांकांची बेरीज अशी आपोआप सापडायची नाही.

प्रश्नमंजूषा उजळणीला उत्तम, कारण आठवून उत्तर द्यावं लागतं. नव्या धड्याला ती घेऊ नये. घड्याळ लावलं की तीच चार मुलं बोलतात, उरलेली टाळ्या वाजवतात. मी वेळ मोजत नाही आणि उत्तर प्रत्येकाला पाटीवर लिहायला लावते. बक्षीसही ठेवत नाही.

आणि भागाकाराची रीत? ती फळ्यावर सरळ समजावून सांगते. खेळ दुसऱ्या दिवशी.