पीएस२वर लॅनने गेम : सगळं चालतं, जॅकचं लॉक सोडून

परवा पीएस२वर, म्हणजे प्लेस्टेशन २वर, सॅन अँड्रियास या गेममध्ये गाडी हाकताना आधी रेडिओ गप्प झाला. मग पुढच्या इमारती यायच्या बंद झाल्या. गाडी दोन चौक ओलांडून एका धुरकट मोकळ्या पट्ट्यात शिरली आणि चित्र थिजलं. ज्या लॅपटॉपवरून लॅनच्या केबलने गेम येतो तो जागा होता, शेअर केलेलं फोल्डर जागच्या जागी होतं. फक्त पोर्टाचा दिवा विझला होता, कारण पीएस२च्या मागे खोचलेला लॅनचा जॅक मिलिमीटरभर मागे सरकला होता. त्या जॅकचं प्लास्टिकचं लॉक तुटलंय. एवढं सगळं लिहायला बसलोय ते त्या लॉकमुळे, त्यामुळे पुढे त्याच्यावर जरा जास्तच बोललो तर चालवून घ्या.

ओपीएल (डिस्कशिवाय, लॅन किंवा पेनड्राइव्हवरून गेम चालवणारा प्रोग्रॅम) आणि फ्री मॅकबूट (असे प्रोग्रॅम मेमरी कार्डावरून सुरू करून देणारा प्रोग्रॅम) काय असतं ते माहीत असलेल्यांसाठीच हे आहे. माझा ७०००० मालिकेतला स्लिम, २००४च्या घडणीचा. नेटवर्क पोर्ट त्याच्या पोटातच आहे, वेगळा अडॅप्टर लागत नाही. लेन्स गेलेली. दुरुस्तीवाला म्हणाला, "लेन्स मिळेल, पण किती दिवस टिकेल विचारू नका." सोनीने १६ कोटी पीएस२ विकल्याचं सांगितलंय आणि मला एक धड लेन्स मिळू नये! मग दिवाळीच्या सुमारास फ्री मॅकबूट टाकलेलं मेमरी कार्ड ऑनलाइन मागवलं. पहिलं कार्ड मशीनला दिसतच नव्हतं. विक्रेता म्हणे, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. मेमरी कार्डाचं पार्सल उघडताना कोण व्हिडिओ काढतं? बरीच हुज्जत घातल्यावर दुसरं आलं, ते आजतागायत चालू आहे.

पेनड्राइव्हवरून गेम चालवायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. पण पीएस२चा यूएसबी १.१चा आहे, म्हणजे कागदावरच १२ मेगाबिट. हातात सेकंदाला जेमतेम एक एमबी पडतं. मूळ डीव्हीडी ड्राइव्ह पाचाच्या वर देते. त्यामुळे गोष्टीचे व्हिडिओ अडखळतात, आवाज एकीकडे, तोंड दुसरीकडे. शिवाय पेनड्राइव्हच्या फॅट३२ फॉरमॅटमुळे ४ जीबीच्या वरची फाइल तुकडे करून ठेवायची. लॅनवर ही कटकट नाही, आख्खी आयएसओ, म्हणजे डिस्कची एका फाइलीतली प्रत, डीव्हीडीच्या फोल्डरात टाकायची आणि मोकळं व्हायचं. निळ्या पाठीच्या डिस्क म्हणजे सीडी. त्यांच्या फाइली आयएसओ करून सीडीच्या फोल्डरात टाका, नाहीतर काळा पडदा बघत बसाल.

लॅनवरही सेकंदाला दोन-तीन एमबीच मिळतात. पोर्ट १०० मेगाबिटचा असला तरी ती सगळी हमाली आतल्या आयओपीच्या डोक्यावर. आयओपी म्हणजे जुन्या पीएस१चाच प्रोसेसर, सोबतीला २ एमबी मेमरी. पीएस१च्या डिस्क या मशीनवर चालायच्या त्याही त्याच्याच जिवावर. म्हणून गीगाबिटचा स्विच आणि कॅट-६ केबल घेऊन काही हाती लागत नाही. दुकानदार गळ्यात मारायला बघेल, घेऊ नका.

माझ्याकडच्या डिस्क माझ्याच आहेत, आणि लॅपटॉपवर उतरवल्यात त्या वाचवायला. हनुमान : बॉय वॉरियर हा भारतात बनलेला गेम २००९मध्ये पीएस२वर आला. त्याची माझी डिस्क इतकी खरवडलेली आहे की प्रत काढायला लॅपटॉपच्या ड्राइव्हला संध्याकाळभर रडवलं. कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात प्रोग्रॅमची सुरक्षा-प्रत काढायची मुभा आहे, पण ती ज्याने रीतसर घेतलाय त्याला. मित्राची हार्ड डिस्क आख्खी ओतून घ्यायला नाही.

आता एसएमबी, म्हणजे नेटवर्कवर फोल्डर शेअर करायचा विंडोजचा प्रोटोकॉल. ओपीएलला त्याची पहिली आवृत्ती लागते, आणि सुरुवातीला मी या मुद्द्यावर सगळ्या प्रकारालाच नापास करणार होतो. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांपासून जगभरचे संगणक ओलीस धरले, ते याच आवृत्तीतल्या भोकातून. त्याच वर्षीच्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १०मध्ये ती बंद ठेवलेली असते, आणि ते योग्यच आहे. ज्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार करतो, त्यावर गेमसाठी हे दार उघडायचं म्हणजे जिवावरच आलं.

हे मत नंतर बदललं. आधी केबल राउटरपासून हॉलभर फिरवून टीव्हीपर्यंत आणली होती. आईला ती रोज पायात यायची आणि रोज मला ऐकवायची. शेवटी राउटर मधून काढूनच टाकला आणि लॅपटॉप थेट पीएस२ला जोडला. दोन्हीकडे हाताने आयपी द्यायचा, शेवटचा आकडा तेवढा वेगळा. मास्क २५५.२५५.२५५.०. आजकालचे पोर्ट आपसूक जुळवून घेतात, त्यामुळे क्रॉसओव्हर (आतल्या तारा उलटसुलट जोडलेली) केबल शोधत फिरायला नको. गेम चालू असताना वायफाय बंद ठेवतो, खेळून झालं की शेअरिंगही बंद. बाहेरचं कोणी त्या दारापर्यंत पोचतच नाही. विंडोजच्या फीचर्समध्ये एसएमबी १.०च्या खाली तीन खुणा दिसतात. आपल्याला फक्त सर्व्हरची लागते. 'ऑटोमॅटिक रिमूव्हल'ची खूण आठवणीने काढा, कारण तिचं कामच आहे की पंधरा दिवस वापर झाला नाही तर सगळं उचलून टाकायचं. महिन्यातून एकदा खेळणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवा. आणखी एक : थेट जोडणीला गेटवे (राउटरसारखं बाहेर जायचं दार) नसतो, म्हणून विंडोज तिला सार्वजनिक नेटवर्क समजून फाइल शेअरिंग अडवतं. तिथे फायरवॉलमध्ये वाट करून द्यावी लागते. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

इतकं जमल्यावर खरं तर पाचपैकी साडेचार द्यायला हवेत. पण ते लॉक!

स्लिमचा पोर्ट मागे. मशीन शोकेसमध्ये, शोकेस भिंतीला लागून. केबल पोर्टातून निघते ती लगेच खाली वाकते आणि स्वतःच्या वजनाने जॅकला ओढत राहते. लॉक शाबूत असेपर्यंत काही कळत नाही. तुटलं की जॅक दिसायला जागेवर, पण आतल्या आठ पट्ट्यांतली एखादी टेकते, एखादी सुटते. शेजारच्या रस्त्यावरून ट्रक गेला तरी गेम जातो. ओपीएल बिचारं काही सांगतही नाही. केबल निघाली, सर्व्हर गेला, काही नाही, नुसतं थिजलेलं चित्र. त्यामुळे माणूस ओपीएलच्या सेटिंगमधल्या मोड १, मोड २, मोड ३ अशा खुणा बदलत बसतो, आयएसओ पुन्हा उतरवतो, फायरवॉलला शिव्या घालतो. ब्रॉडबँडवाल्या पोराला विचारलं, तर नवा जॅक बसवून द्यायला घरी यायचे दोनशे मागतो. जॅकची किंमत दहा रुपये! मी तूर्त सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ती कन्सोलभोवती आवळली आहे. आईने शोकेस पुसायला ओढलं नाही तोवर टिकते.

याच लॉकमुळे व्हर्च्युअल मेमरी कार्ड वापरायचं मी सोडलं. ८ एमबीची ती फाइल लॅपटॉपवर असते आणि सेव्ह तिथेच लिहिला जातो. लिहिता लिहिता केबल सुटली तर त्या फाइलीत काय उरेल ते देव जाणे. आता सेव्ह खऱ्या कार्डावर. फ्री मॅकबूट टाकूनही त्यात भरपूर जागा उरते.

विजेचं म्हणाल तर गेमसाठी लॅपटॉप जागा ठेवावा लागतो हे पटत नाही. पण बिलात फरक दिसला नाही, म्हणून गप्प आहे. लॅपटॉपऐवजी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घ्या असं सुचवणारे भेटतात. त्या पैशात दोन लेन्स येतील. नव्या ओपीएलमध्ये यूडीपीबीडी ही लॅनवरून गेम द्यायची दुसरी पद्धत आलीय, वेग खरंच जास्त आहे, पण तिला आख्खी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली ड्राइव्ह वाहायची, आणि केबल तीच.

राहिला एमएक्स४एसआयओ, म्हणजे मेमरी कार्डाच्या दुसऱ्या खाचेत बसणारं एसडी कार्डाचं अडॅप्टर. ना लॅपटॉप, ना केबल. स्वस्त आहे, यूएसबीपेक्षा बरं चालतं, आणि धाकट्या मावसभावाने घेतल्यापासून तो मला रोज त्याचे फोटो पाठवतोय. पण पंधरा मीटर केबलचे पैसे मोजलेत. ती वसूल होईपर्यंत दुसरं काही घ्यायचं नाही. पुढच्या रविवारी जॅक बसवायचं क्रिंपिंग टूल कोणाकडून उसनं मिळतंय का बघतो.