उन्हाळी भाजी: गच्चीवर की सोसायटीच्या वाफ्यात?

शिमगा जवळ आला की भेंडी, गवार, काकडीचं बी टोकायची घाई सुरू होते. जागेचा प्रश्न मात्र दरवर्षीचाच.

गच्चीवर ऊन भरपूर, आणि तोच तिचा दोषही. एप्रिलमध्ये स्लॅब तापला की १२ इंची ग्रो बॅगेतली माती आक्रसून कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली, मुळं कोरडीच. तेव्हा पाणी दोन वेळा, थोडं थोडं. वर पालापाचोळ्याचा थर, डोक्यावर शेडनेट आणि बॅगेखाली विटा, म्हणजे तळ भाजत नाही. भेंडी, मिरची इथे छान येते.

सोसायटीच्या वाफ्यात जमीन ओल धरते, बऱ्याचदा एक दिवसाआड पाणी पुरतं. दोडक्या-कारल्याला ऐसपैस मांडवही घालता येतो. अडचण माणसांची: पाण्याची पाळी कुणाची, आणि कोवळी काकडी आधी कुणाच्या हाती लागते! शिवाय इमारतीची सावली बघा. ऊन कमी पडलं तर वेल नुसता पसरतो, फळ धरत नाही.

मे महिन्यात गावी जाणार असाल तर मी सामाईक वाफाच सुचवेन. कोथिंबीर मात्र घरच्या कुंडीत, अर्ध्या सावलीत. कडक उन्हात ती लगेच फुलावर येते.