मराठी टायपिंग: इनस्क्रिप्ट की रोमन?

रोमन पद्धतीत शिकायचं काहीच नसतं. 'pani'च्या धाटणीने इंग्रजी अक्षरं बडवा, समोर 'पाणी' हजर. कधीकधी 'पानी'ही येतं आणि घाईत तेच पुढे जातं. 'ण'चा 'न', 'ळ'चा 'ल' असे घोळ मी रोज निस्तरतो. व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकायच्या तर चालतंय की!

इनस्क्रिप्ट मात्र पहिले पंधरा दिवस रडवतो. १९८६ साली प्रमाण ठरलेला हा कळफलक वर्णमालेवर बेतलेला आहे: स्वर आणि काने-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ग, द, ज दाबा. शिफ्ट धरून त्याच कळांवर घ, ध, झ मिळतात. ल आणि ळ एकाच कळीवर शेजार करून आहेत. 'दुसऱ्या'तला तो आडवा रफारही शिफ्ट धरून 'र'च्याच कळीवर सापडतो, सूचनांच्या यादीत शोधत बसावं लागत नाही. शिवाय हाच कळफलक हिंदीलाही चालतो.

फोनवर मी अजून रोमनच वापरतो, आळस दुसरं काय. पण पानभर मजकूर असेल तर इनस्क्रिप्टच. तिथे शब्द मी ठरवतो, यंत्र नाही.