मोबाईलला लावायची मॅक्रो लेन्स: सात महिने वापरल्यानंतर

जूनमध्ये घेतली ही क्लिपवाली लेन्स, १५ एक्सची, साडेपाचशेला. रोज नाही पण दिवसाआड वापरतेच, म्हणून आता सविस्तर लिहिते.

पहिले पंधरा दिवस सगळे फोटो धुरकट आले. ही लेन्स किड्यापासून दीड-दोन सेंटीमीटरवर न्यावी लागते आणि तिथवर पोचेपर्यंत तो उडालेला असतो, बसून राहिलाच तर डोळे स्पष्ट आले की पाय पुसट येतात. मग जमायला लागलं, कोपर कठड्याला टेकवायचं, श्वास रोखायचा आणि धडाधड वीस फोटो काढायचे, त्यातला एक लागतो. सकाळी लवकर किडे सुस्त असतात तेव्हा बेस्ट.

मला खरा फायदा झाला तो वांग्याच्या कुंडीत. आधी पानावर ठिपकेवाला लालसर भुंगा दिसला की मी सरळ चिरडून टाकायचे, पानं खाणारा तोच असं डोक्यात बसलेलं. लेन्समधून बघितल्यावर कळलं की हे दोन वेगळेच आहेत. एक गुळगुळीत, नेलपॉलिश लावल्यासारखा चकचकीत, पाठीवर काळ्या नागमोडी रेघा, तो ढालकिडा, मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) खाणारा. दुसरा मातकट, बारीक काळे ठिपके आणि पाठभर इवलीशी लव, मखमलीसारखी. नुसत्या डोळ्यांनी ती लव दिसतच नाही. हा हड्डा भुंगा, पानातलं हिरवं खरवडून जाळी करून ठेवतो तो हाच. अळ्याही तशाच वेगळ्या, हड्ड्याची पिवळी आणि अंगभर फांद्या फुटलेले काटे, ढालकिड्याची काळपट, लांबट, सुसरीच्या पिल्लासारखी. तिने एकेक मावा धरून खाल्लेला मी बघितलाय आणि अशा किती अळ्या मी आधी मारल्या असतील या विचाराने खरंच वाईट वाटतं.

फोटो मी आयनॅचरलिस्टवर टाकते, किडे-झाडं ओळखायची वेबसाइट आहे ती. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी प्रोजेक्ट म्हणून सुरू केलेलं हे, फुकट आहे. फोटो टाकला की कॉम्प्युटर नाव सुचवतो, पण ते फायनल धरू नका, माणसांनी बघितल्यावरच खरं. किमान दोघांचं एकमत आणि एकूण मत देणाऱ्यांत दोन तृतीयांशाहून जास्त सहमत असतील तरच नोंद रिसर्च ग्रेडला, म्हणजे भरवशाच्या नोंदींत जाते. म्हणून वरून, बाजूने, तोंडाकडून असे तीन तरी फोटो द्या. तरीही बऱ्याच माश्या आणि भुंगे नुसत्या फोटोवरून जातीपर्यंत ओळखता येत नाहीत, वंशावरच (जातीच्या वरची पायरी) अडकतात, त्याने नाराज होऊ नका. आणि घरचं लोकेशन ऑब्स्क्युअर्ड ठेवा, म्हणजे नेमकी जागा कुणाला दिसत नाही.

ऑगस्टात खिडकीच्या गजावर कुंभारमाशीने (हिलाच भिंगुरटी म्हणतात) सुगडासारखं मातीचं मडकं केलं, तोंडाला बारीक काठ काढलेला, तोही लेन्सखाली नीट वळवलेला दिसतो. सासूबाई म्हणाल्या, "अगं, भिंगुरटी अळीला आत कोंडते नि वरून गुणगुणत बसते, अळी तिचंच ध्यान करत शेवटी भिंगुरटी होते." लहानपणापासून मीही हेच ऐकलेलं. प्रत्यक्षात ती डंख मारून अळ्या लुळ्या करते आणि आपल्या अंड्याजवळ भरून ठेवते, अंड्यातून निघणारं पिल्लू त्या खाऊन वाढतं. हिरव्या अळ्या आत ओढतानाचे फोटो मी त्यांना दाखवले. महिन्याभराने मडक्याला बाजूने गोल भोक पडलेलं दिसलं ते मात्र सासूबाईंनाच आधी, मला ऑफिसात फोन करून सांगितलं.

आता तक्रारी. क्लिपचं रबर चौथ्या महिन्यात सैल झालं, मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय. फोनचं कव्हर काढावंच लागतं. झूम केलं की फोन आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातो आणि स्क्रीन काळी होते, तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा. पावसाळ्यात काचेवर वाफ धरते, सिलिका जेलची पुडी टाकून डबीत ठेवते तेव्हापासून ठीक आहे.

पानांवर, कुंडीत, भिंतीवर बसणाऱ्या किड्यांसाठी घ्याच. फुलपाखरं आणि चतुरांसाठी नको, ती एवढ्या जवळ येऊच देत नाहीत. यंदा वांग्यावर नीमतेल एकदाही मारलं नाही, हड्डे तेवढे हाताने वेचले, काल अकरा वांगी निघाली.