गुडघ्याच्या झिजेवर सात महिने सुया आणि सहा आठवडे मधमाशीच्या विषाचं मलम : वापरानंतरचा अनुभव

गुडघेदुखीवर अ‍ॅक्युपंक्चर आणि मधमाशीचं विष ही नावं मुंबईत हल्ली एका दमात घेतली जातात. वापरात मात्र दोन्हींचा स्वभाव उलटा आहे. सुई सोसते की नाही, हे पहिल्या दोन-चार सिटिंगमध्ये कळून जातं. विषाचं तसं नाही. तिथे महिने जातील तसा धोका वाढू शकतो, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही.

आधी सुई. दादरच्या एका दवाखान्यात आठवड्याला दोन अशा सहा आठवड्यांत १२ सिटिंग, मग आठवड्याला एक, चौथ्या महिन्यापासून तीन आठवड्यांतून एक. सुई ०.२५ मिमी जाडीची, ४० मिमी लांब, पाकीटबंद आणि एकदाच वापरायची. पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावं, त्यात संकोच कसला? मुख्य जागा चार: वाटीखालचे दोन्ही बाजूंचे खळगे, नडगीच्या आतल्या बाजूला हाडाच्या डोक्याखालचा खळगा, आणि झुसानली. ही शेवटची जागा वाटीखालच्या बाहेरच्या खळग्यापासून चार बोटं खाली, नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर. वाटीखालच्या खळग्यांत सुई खोल गेली तर थेट सांध्यात शिरते आणि जंतुसंसर्गाचं निमित्त होऊ शकते. त्यामुळे व्हिडिओ बघून घरी सुया लावणं साफ वर्ज्य.

सुई नीट बसल्याची खूण बारकाईने ओळखता येते. कातडीवरचं टोचणं क्षणात संपतं. मग सुई जराशी फिरवली की आत खोलवर जडपणा येतो, कुणी अंगठ्याने दाबून धरल्यासारखा, आणि तो पोटरीच्या कडेने घोट्याकडे सरकतो. चिनी वैद्यकात याला ‘दे-ची’ म्हणतात. वीज लागल्यासारखी झणक आली तर मात्र सुई नसेला लागलीय. दात आवळून सोसू नका, लगेच सांगा. सुया २५ मिनिटं ठेवतात. स्नायू आखडला तर काढताना सुई अडकते. अशा वेळी ओढायची नाही. आजूबाजूला हलकं चोळून दोन मिनिटं थांबलं की सैल होते.

चक्कर येण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे उपाशी पोट. सकाळी नुसत्या चहावर निघायचं, लोकलमध्ये तासभर उभं राहायचं आणि उतरल्या उतरल्या सुया लावून घ्यायच्या, हे टाळा. काहीतरी खाऊन जा, झोपूनच सुया लावून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. सुयांना यंत्र जोडून करंट देत असतील तर किती हर्ट्झ ते विचारा: २ हर्ट्झला शरीरातली एक प्रकारची वेदनाशामक द्रव्यं सुटतात, १०० हर्ट्झला दुसऱ्या प्रकारची. पेसमेकर असलेल्याने करंट घेऊच नये.

मोजमाप वहीत ठेवलं: ० ते १० दुखण्याचा आकडा, आठवड्याच्या पेनकिलर गोळ्या, आणि स्टेशनचा पूल उतरताना कठडा धरावा लागला की नाही. चौथ्या सिटिंगपर्यंत फरक शून्य. सहावीनंतर पूल उतरणं सुधारलं, चढणं त्यामानाने कमी. बाराव्या सिटिंगला दुखणं ६ वरून ४ वर, गोळ्या पाचांवरून दोनवर. सूज होती तेवढीच. पावसाळ्यात आकडा पुन्हा ५ झाला, पण ६ कधी झाला नाही.

संशोधनाशी हे जुळतं. २०१८ साली ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. सुयांचा फायदा खरा निघाला, वर्षभराने त्यात सुमारे १५ टक्केच घट झाली. पण खोट्या, म्हणजे तुलनेसाठी नुसत्या दिखाव्यापुरत्या लावलेल्या, सुयांच्या तुलनेत फरक लहान होता. म्हणूनच ब्रिटनची ‘नाइस’ संस्था काही जुनाट वेदनांसाठी अ‍ॅक्युपंक्चर सुचवते आणि गुडघ्याच्या झिजेसाठी देऊ नका म्हणते. सूज उतरते, याचा दाखला म्हणून २०२१चं उंदरांवरचं काम दाखवलं जातं. त्यात मागच्या पायातल्या झुसानलीला सौम्य करंट दिल्यावर मज्जातंतूंमार्गे दाह कमी झाला, पोटावरच्या जागेला दिल्यावर झाला नाही. काम फार सुंदर आहे, पण तो दाह जिवाणूंच्या विषाने अंगभर पेटवलेला होता. झिजलेल्या गुडघ्याशी त्याचा थेट संबंध जोडू नये.

आता विष. मधमाशीच्या सुक्या विषात जवळजवळ निम्मं मेलिटिन असतं, २६ अमिनो आम्लांची साखळी. प्रयोगशाळेत ते पेशींमधला दाहाचा एक मुख्य संदेश अडवतं. तेच मेलिटिन पेशींची आवरणं फोडतं, म्हणून तर डंख झोंबतो. फॉस्फोलायपेज ए२ हे विषातलं एन्झाइम दहा-बारा टक्के, आणि अ‍ॅलर्जीचं मोठं मूळ तेच.

मलम सहा आठवडे, दिवसातून दोनदा चोळून झालं. उपयोग नाही. मेलिटिनचा रेणू सुमारे २८०० डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) आणि अखंड कातडीतून साधारण ५०० च्या वरचं फारसं आत जात नाही. लावल्यावर जाणवणारी ऊब मेंथॉल-कापराची. डबीवर विषाचं प्रमाणही छापलेलं नव्हतं, याचा राग येतो.

कोरियात विष पातळ करून अ‍ॅक्युपंक्चरच्या जागी टोचतात: दहा हजारांत एक किंवा त्याहून सौम्य, एका जागी ०.०५ ते ०.१ मिली, तेही आधी हातावर चाचणी करून. जिवंत माशी चिमट्यात धरून डसवण्याचा प्रकार मात्र आम्ही जाणून टाळला. एका डंखात ५० ते १४० मायक्रोग्रॅम विष असू शकतं आणि नांगीतून बहुतेक विष पहिल्या वीस सेकंदांतच उतरतं. डोस मोजायचा कसा? नेदरलँड्समध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या २६ रुग्णांना आठवड्यात तीनदा, प्रत्येक वेळी वीसपर्यंत डंख देऊन पाहिले. आजारात फरक पडला नाही.

आणि ‘आजवर काही झालं नाही’ हा भरवसा इथे चालत नाही. प्रत्येक डंखासोबत शरीर विषाला ओळखायला शिकतं. २०१८ साली स्पेनमधली एक घटना प्रसिद्ध झाली. ५५ वर्षांची बाई दोन वर्षं दर चार आठवड्यांनी डंख घेत होती, त्रास काही नव्हता. मग एका डंखानंतर दम लागला, शुद्ध हरपली, पुढे काही आठवड्यांत ती गेली.

तरीही कुणी विष घेणारच असेल तर टोचणारा नोंदणीकृत डॉक्टर हवा आणि खोलीत तीव्र अ‍ॅलर्जी आवरणारं अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन हवं: मोठ्या माणसाला ०.५ मिग्रॅ, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर हेच इंजेक्शन नीट लागू पडत नाही, अशांनी विषाच्या वाटेला जाऊ नये. टोचल्यावर निदान अर्धा तास तिथेच बसा. अंगावर गांधी, ओठ सुजणं, घसा आवळणं, ओकारी यांपैकी काहीही दिसलं तर थांबून बघत बसू नका. बरं वाटल्यावरही काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते, म्हणून त्या दिवशी एकट्याने विरार फास्ट पकडू नका. सोबत कुणीतरी असू द्या.